काका, वीस सेंटचा शेअर स्वस्त कसा ते आधी बघू

मेलबर्न,
१३ एप्रिल २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा निरोप मिळाला. बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या तुमच्या मंडळींनी ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारातल्या ब्रेनचिप या चिप कंपनीचे शेअर घ्यायचं जवळपास ठरवलंच आहे, आणि घ्यावेत का व पैसे कसे पाठवावेत, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. फोनवर आकडे नीट सांगता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: चिप खरी आहे आणि चालते. पण तुमच्या पैशाचं काय होणार हे चिपच्या गुणांपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून आहे. गिऱ्हाइकांकडून रोख किती येते, आणि तोवर कंपनी नवे शेअर किती काढते.

आधी चिपबद्दल. मोबाइलमधलं किंवा गाडीतलं एआय दर वेळी दूरच्या सर्व्हरला विचारत बसलं तर उशीर होतो, डेटा बाहेर जातो आणि बॅटरी संपते. म्हणून निर्णय उपकरणातच व्हावा, यासाठी एज एआय चिप लागते. ब्रेनचिपच्या अकिडा या चिपची युक्ती अशी की आकडा शून्य असेल तिथे गणित करायचंच नाही. न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे एआयच्या गणिती जाळ्याच्या, आतल्या थरांमध्ये बरेच आकडे शून्य निघतात, विशेषतः आवाज किंवा रडारच्या सिग्नलमध्ये, जिथे बराच वेळ काही घडतच नसतं. ते काम वगळलं की वीज वाचते. पहिली चिप, एकेडी१०००, टीएसएमसी या चिप कारखान्याच्या २८ नॅनोमीटर तंत्रावर बनली आणि पुढची, एकेडी१५००, ग्लोबलफाउंड्रीज या दुसऱ्या कारखान्याच्या २२ नॅनोमीटरवर. ही कागदावरची कंपनी नाही, एवढं मंडळींना खुशाल सांगा.

अडचण पुढे येते. वाचलेली वीज ही फक्त एआयचं गणित करणाऱ्या त्या एका ठोकळ्याची. कॅमेरा, मेमरी, रेडिओ, मुख्य प्रोसेसर यांची वीज तशीच राहते. मॉडेलमध्ये शून्यं कमी असली तर फायदाही कमी. शिवाय गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरला आपलं मॉडेल ४ किंवा ८ बिटांत, म्हणजे कमी नेमक्या आकड्यांत, उतरवून, अकिडाला चालतील अशाच थरांत पुन्हा बसवावं लागतं, आणि त्यात अचूकता थोडी घसरली की पुन्हा ट्रेनिंग. तोच इंजिनिअर आर्म कंपनीचा इथॉस हा एआय ठोकळा असलेला कंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी छोटी चिप, उचलू शकतो. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या मोठ्या चिप कंपनीनं तर डिसेंबर २०२४ मध्ये एसटीएम३२एन६ हा कंट्रोलर आणला, त्यात एआयचा ठोकळा घरचाच आहे. ओळखीची साधनं, ओळखीचा पुरवठादार, वेगळे पैसे नाहीत. लहान कंपनीची चिप थोडी सरस असून भागत नाही, ती बरीच सरस लागते. नाहीतर खरेदी खातं तिकडे वळतच नाही.

आता धंदा. ब्रेनचिप मुख्यतः डिझाइनचा परवाना विकते, ज्याला आमच्याकडे आयपी लायसन्स म्हणतात. दुसरी कंपनी तो ठोकळा आपल्या चिपमध्ये घालते. सही होताना एक रक्कम मिळते आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपमागे रॉयल्टी. जपानच्या रेनेसासनं २०२० मध्ये परवाना घेतला, मेगाचिप्सनं २०२१ मध्ये. तुमची मंडळी म्हणतात ना, एवढी मोठी नावं आली म्हणजे पैसा यायलाच हवा, तर सही आणि रॉयल्टी यांच्यात किती काळ जातो ते बघा. चिपचं डिझाइन वर्ष-दीड वर्ष. मग टेपआउट, म्हणजे अंतिम आराखडा कारखान्याला देणं. पहिले वेफर, म्हणजे चिपा छापलेल्या सिलिकॉनच्या चकत्या, हातात यायला सुमारे तीन महिने. चूक निघाली तर मास्क, म्हणजे छपाईचे साचे, बदलून पुन्हा तेवढेच. गाडीसाठी असेल तर एईसी-क्यू१०० ची पात्रता चाचणी. त्यातली नुसती एक परीक्षा सांगतो: वेगवेगळ्या तीन लॉटमधून प्रत्येकी ७७ चिपा घ्यायच्या आणि तापलेल्या भट्टीत १००० तास चालू ठेवायच्या. एकही बिघडता कामा नये. हे सगळं झाल्यावर गाडी बनवणाऱ्याचं स्वतःचं मॉडेल बाजारात यायला आणखी दोन-तीन वर्षं. यात कुठेही तिसऱ्याच कारणानं प्रकल्प बंद पडतो आणि परवाना घेणाऱ्यानं तो कधी वापरलाच नाही, असंही होतं.

रॉयल्टीचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. समजा चिप ५ अमेरिकी डॉलरची आणि रॉयल्टी २ टक्के. हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत. म्हणजे चिपमागे १० सेंट. कंपनीचा तोटा वर्षाला सुमारे अडीच कोटी अमेरिकी डॉलर. तेवढा भरून काढायला दरवर्षी २५ कोटी चिपा विकल्या जायला हव्यात. अशक्य नाही, पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच पुढची प्रत्येक बातमी वाचा.

आणि बातम्या कशा वाचतात ते मुद्दाम सांगतो, कारण लहान गुंतवणूकदारांचा उत्साह तिथेच उफाळतो. जानेवारी २०२२ मध्ये मर्सिडीजनं ईक्यूएक्सएक्स ही संकल्पना-गाडी दाखवली आणि तिच्यातल्या 'हे मर्सिडीज' या हाकेसाठी अकिडा वापरल्याचं सांगितलं. काही दिवसांतच शेअर २ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. ती गाडी विक्रीची नव्हतीच. त्या वर्षी कंपनीला सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर मिळाले, २०२३ मध्ये अडीच लाखांच्याही आत, २०२४ मध्ये सुमारे ४ लाख. भाव २० सेंटच्या आसपास आला. मर्सिडीजची बातमी खोटी नव्हती. तिचा जो अर्थ लोकांनी लावला तो त्या बातमीत नव्हता.

आजही तसंच चालतं. पेटंटमधला एखादा शब्द, परिषदेतल्या स्टॉलवरची पाटी, कुण्या मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरनं केलेलं लाइक, असे ठिपके जोडून लोक चित्र काढतात. 'मोठी ऑर्डर आहे, गुप्ततेच्या करारामुळे सांगत नाहीत' हे वाक्य तुमच्याही कानावर पडलं असेल. ऑस्ट्रेलियन शेअर बाजाराचा नियम ३.१ म्हणतो की भावावर परिणाम करणारी माहिती कंपनीनं लगेच जाहीर करायची. बोलणी अर्धवट असतील तोवर सूट मिळते. सही झालेल्या मोठ्या ऑर्डरला ती मिळत नाही. म्हणजे मोठी ऑर्डर जाहीर झालेली नाही याचा अर्थ बहुधा ती नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं रडारचं १८ लाख अमेरिकी डॉलरचं काम मिळालं, ते रकमेसकट जाहीर झालं. घोषणेत रक्कम, मुदत आणि 'किमान' हा शब्द शोधा. तिन्ही नसतील तर ती ओळखीची बातमी, कमाईची नव्हे.

सानंदला मायक्रॉनचं आणि धोलेऱ्याला टाटांचं काम चालू असल्यामुळे तिकडे गुजरातेत चिप या शब्दालाच सध्या तेज आहे, हे मला कळतं. पण सानंदचं काम पॅकेजिंग आणि तपासणीचं, धोलेऱ्याचं वेफर बनवण्याचं. डिझाइनचा परवाना विकणाऱ्या कंपनीशी त्यांचा काहीच संबंध नाही. एकाच्या जोरावर दुसरीचा भाव धरू नका.

आता 'फक्त २० सेंट'. कंपनीचे सुमारे २ अब्ज शेअर आहेत. गुणिले २० सेंट, म्हणजे ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, आपले साधारण २१०० कोटी रुपये. वर्षाला ४ लाख अमेरिकी डॉलर मिळवणाऱ्या कंपनीसाठी हा भाव स्वस्त नाही. भाव पुन्हा २ डॉलर व्हायचा तर कंपनीची किंमत ४०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर व्हावी लागेल. आणि तोवर शेअर २ अब्जच राहणार नाहीत. पगार द्यायला पैसा लागतो, तो गिऱ्हाइकांकडून येत नाही, म्हणून नवे शेअर निघतात. एलडीए कॅपिटल या गुंतवणूक संस्थेशी केलेल्या कराराखाली कंपनी अनेकदा असे शेअर देत आली आहे. २०२४ च्या मध्यावर मोठ्या गुंतवणूकदारांना २० सेंटच्या किंचित खाली दिले. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यासारखं आहे हे: वाडा तेवढाच, वाटेकरी दर पिढीला वाढलेले, आणि शेवटी एकेकाच्या वाट्याला एक खोली. शेअर वर्षाला १० टक्क्यांनी वाढले तर पाच वर्षांत २ अब्जांचे ३.२ अब्ज होतात. कंपनीची किंमत तेवढीच राहिली तरी तुमचा २० सेंटचा शेअर साडेबारा सेंटवर येतो. कुणी फसवलं नाही, काही बुडालं नाही, तरीही.

हे सगळं एका कागदात दिसतं: अपेंडिक्स ४सी, म्हणजे कंपनीच्या रोखीचा तिमाही तक्ता. तिमाही संपल्यावर महिन्याच्या आत तो द्यावाच लागतो. बाजाराच्या संकेतस्थळावर बीआरएन हे चिन्ह टाकून कुणालाही फुकट वाचता येतो. ओळ १.१ म्हणजे गिऱ्हाइकांकडून आलेली रोख. ओळ १.९ म्हणजे कामकाजात एकूण किती गेली. ओळ ३.१ म्हणजे शेअर विकून किती उभारली. ४.६ वर शिल्लक, आणि ८.५ वर ही शिल्लक किती तिमाही पुरेल ते. ८.५ चा आकडा दोनच्या खाली गेला तर कंपनीला ८.६ मध्ये खुलासा करावा लागतो. तोवर थांबू नका, तीन-चारवर आला की नवे शेअर येणार असंच धरून चाला. एक काळजी घ्या: या कागदातले आकडे अमेरिकी डॉलरमध्ये असतात आणि शेअरचा भाव ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. दोन्ही एकाच चलनात आणल्याशिवाय भागाकार करू नका. माझ्या मते १.१ सलग चार तिमाही वाढत गेली आणि ती वाढ एकाच गिऱ्हाइकाच्या एकरकमी पैशांची नसली, तर या कंपनीकडे नव्यानं बघावं. भाव तोवर वाढलेला असेल. तेवढं महाग घ्यायची तयारी ठेवा, कारण त्या बदल्यात धोका खूप कमी झालेला असेल.

पैसे पाठवायचं. भारतातली बहुतेक ॲप अमेरिकेच्या बाजारापुरती आहेत. ऑस्ट्रेलियासाठी इंटरॲक्टिव्ह ब्रोकर्ससारखं खातं लागेल. बँकेत फॉर्म ए२ भरताना हेतूचा कोड एस०००१, म्हणजे परदेशी शेअरमधली गुंतवणूक. हे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली जातात, तिची वर्षाची मर्यादा माणशी अडीच लाख अमेरिकी डॉलर. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घ्यायचा कर, नाही, त्याच्या वरच्या रकमेवर २० टक्के कापला जातो आणि विवरणपत्रात वळता होतो. मार्जिनवर, म्हणजे उधारीवर खरेदी या योजनेत चालत नाही, ॲपनं दाखवली तरी. पाठवलेला पैसा १८० दिवसांत गुंतवला नाही तर परत आणायचा.

विवरणपत्राचं मात्र नीट लक्षात घ्या, निवृत्त मंडळी नेमकी इथे अडकतात. तुम्ही दरवर्षी सहज, म्हणजे आयटीआर-१ भरता. परदेशातला एक जरी शेअर असला तरी तो चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो आणि त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. विकला नसला तरीही. एफएमधला हिशेब एप्रिल ते मार्च नसतो, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असतो, आणि वर्षातली सर्वांत जास्त किंमतही लिहावी लागते. लपवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या अशा गुंतवणुकीला त्यातून सूट आहे, पण माहिती भरायला सूट नाही. नफा २४ महिन्यांनंतर झाला तर १२.५ टक्के कर, आधी झाला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. लाभांशाचा प्रश्नच नाही, कंपनी देत नाही.

घ्यायचेच झाले तर लिमिट ऑर्डरच टाका, म्हणजे आपला भाव ठरवून दिलेली. १० सेंट ते २ डॉलर या टप्प्यात भाव अर्ध्या सेंटनं हलतो. २० सेंटवर अर्धा सेंट म्हणजे अडीच टक्के. घाईनं मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, टाकली तर घेताना आणि विकताना मिळून तेवढे तिथेच गेले. ऑस्ट्रेलियात उन्हाळी वेळ नसताना बाजार तुमच्याकडच्या पहाटे साडेपाचला उघडतो आणि साडेअकराला बंद होतो. पहिली खरेदी किमान ५०० ऑस्ट्रेलियन डॉलरची असावी लागते.

रक्कम विचाराल तर पोस्टातल्या आणि बँकेतल्या ठेवींना अजिबात हात लावू नका. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे वेगळे आहेत, ते वेगळेच राहू द्या. पूर्ण गेले तरी चालतील अशी रक्कम काकूंना विचारून ठरवा, तिचे तीन भाग करा, आणि एकेक भाग ४सी वाचल्यावरच पाठवा. मार्चच्या तिमाहीचा कागद ३० एप्रिलच्या आत येईल. आला की १.१, १.९, ३.१, ४.६ आणि ८.५ या पाच ओळी तुम्ही एका कोऱ्या पानावर उतरवा, शेजारी मागच्या चार तिमाहींच्या त्याच ओळी लिहा, आणि पानाचा फोटो मला पाठवा. त्या रविवारी फोनवर आपण एकेक ओळ घेऊन बसू. मंडळींपैकी कुणाला ऐकायचं असेल तर त्यांनाही घरी बोलवा.

काकूंना नमस्कार, घरच्या लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
पुतण्या