मन्या, बोर्डावर काट मार आणि रॅम जोडीनं घे

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

नव्या गेमिंग पीसीसाठीची तुझी यादी पाहिली. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्याखाली एक्स८७०ई चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या चार रॅम स्टिक. प्रोसेसर झकास निवडलायस. उरलेल्या दोन ओळींवर मात्र सरळ काट मार.

बोर्ड महाग घेतला म्हणून गेम जास्त पळत नाही. एक्स८७०ईचे जादा पैसे जातात यूएसबी ४, एसएसडीसाठी जास्तीचे एम.२ स्लॉट आणि ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची हौस पुरवणारं भक्कम व्हीआरएम यांत. व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरला वीज देणारं सर्किट. तुझा ७६०० पूर्ण जोर लावला तरी ८८ वॅटच्या आसपास थांबतो. त्याला एवढा थाटमाट कशाला? बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा बोर्ड घे आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, फरक तिथे दिसेल. अगदी तळाचा ए६२० मात्र नको. तुझा प्रोसेसर बसतो ते एएम५ सॉकेट २०२२ साली आलं आणि ते किमान २०२७पर्यंत चालवू असं एएमडीनं सांगितलंय. म्हणजे पुढे याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवायची सोय आहे, आणि तेव्हा कमजोर व्हीआरएम आडवं येईल.

बोर्ड निवडताना चकचकीत फोटो नको, मागचं पॅनल बघ. यूएसबी किती, वाय-फाय आहे का, आणि बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. बायॉस म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर. हे बटण असलं की प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायॉस अपडेट होतं. ७६००ला बहुधा गरज पडणार नाही, पण उद्या मन बदलून नंतरच्या पिढीचा ९६००एक्स घेतलास आणि बी६५०चा बोर्ड जुन्या स्टॉकमधला निघाला, तर तो जुन्या बायॉसवर सुरूच होणार नाही. मॅन्युअल डाउनलोड करून एक गोष्ट आधीच तपास: काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट भरला की हार्ड डिस्क जोडायचे साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. मापाचं म्हणशील तर मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ मिमी असतो, तो गेमिंगला पुरतो. फक्त कॅबिनेटमधले स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंट, त्याच्या भोकांप्रमाणे हलव. बोर्डाखाली एखादा जादा स्टँडऑफ राहिला तर शॉर्ट व्हायची भीती.

आता रॅम, कारण खरी गडबड इथेच होते. एएम५ला फक्त डीडीआर५ चालते. डीडीआर४ कुणी फुकट दिली तरी उपयोग नाही. दोघींना पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे बसतच नाही. तू चार स्टिक लिहिल्यास त्या चारही स्लॉट भरलेले छान दिसतात म्हणून, असा माझा संशय आहे. पण ७६००च्या मेमरी कंट्रोलरला, म्हणजे रॅम सांभाळणाऱ्या भागाला, दोन स्टिकवर ५२००चा अधिकृत वेग आहे आणि चार स्टिकवर तो थेट ३६००वर येतो. शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर चिपा कमी आणि त्यातले बँक ग्रुप, म्हणजे साठवणीचे गट, निम्मे, म्हणून ती मुळातच थोडी मंद. तेव्हा १६ जीबीच्या दोन घे, त्याही एकाच किटमधल्या. आज एक, पुढच्या महिन्यात तशीच दुसरी, हे नको. नाव तेच असलं तरी आतल्या चिपा वेगळ्या निघतात आणि मग एक्सपो, म्हणजे रॅम वेष्टनावरच्या वेगानं चालवायची बायॉसमधली सोय, चालू केलं की मशीन अडखळतं.

वेग ६०००, सीएल३०. सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके लावते तो आकडा, तेव्हा नुसत्या ६०००वर भुलू नकोस. सीएलला २००० ने गुणून वेगाने भाग, म्हणजे तो उशीर नॅनोसेकंदांत मिळतो, जितका कमी तितका बरा: ६००० सीएल३० चे १०, ६००० सीएल४० चे १३.३, आणि ६४०० सीएल३२ चे पुन्हा १०च. वेष्टनावर एक्सपो लिहिलेलं हवं आणि बोर्डाच्या मेमरी सपोर्ट यादीत त्या किटचा पूर्ण पार्ट नंबर सापडायला हवा. उंच, दिव्यांची रॅम मोठ्या एअर कूलरखाली अडते, तेव्हा दोन्हींची मापं आधी जुळव.

बसवताना प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिल्या-दुसऱ्यात घातल्यास तर दोन चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटा, मिळणार नाहीत. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. दुसरं टोक आधी नीट खाचेत बसव, मग दोन्ही अंगठ्यांनी दाब. जोर बराच लागतो. खटका वाजला तरी खटका नसलेलं टोक केसभर वर राहिलेलं असू शकतं, तिथे बोट फिरवून बघ.

पहिली चाचणी ग्राफिक्स कार्ड न लावता, मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडून कर. चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळाच राहील आणि बोर्डावर डीरॅमचा दिवा पेटलेला दिसेल. ते मेमरी ट्रेनिंग आहे, म्हणजे मशीन रॅमशी जुळवून घेतंय, बिघाड नाही. बटण दाबून बंद केलंस तर सगळं पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटांनीही काही झालं नाही, तर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकच स्टिक ठेवून पुन्हा बघ.

बायॉस उघडलं की आधी ते अपडेट कर, एक्सपो मग. हा क्रम उलटा नको: २०२३ साली एक्सपो लावल्यावर वाढलेल्या एसओसी व्होल्टेजनं (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारा दाब) काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले होते, त्यानंतरच्या बायॉसमध्ये ते १.३ व्होल्टवर रोखलंय. एक्सपो लावल्यावर पुन्हा ट्रेनिंग होईल. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग ६००० दिसला पाहिजे. ४८०० दिसला तर एक्सपो लागलेलंच नाही. सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर ३००० दाखवेल, घाबरू नकोस, ते निम्माच आकडा दाखवतं. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन चार फेऱ्या होऊ दे. एकसुद्धा चूक आली तरी ती चालवून घ्यायची नाही. वेग ५६००वर आणून पुन्हा तपास, आणि तिथेही चूक आली तर किट बदलून माग. नाहीतर गेम मध्येच बंद पडतील आणि तू महिनाभर ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसशील.

सुधारलेली यादी पाठव, पार्ट नंबरसकट.

तुझा,
बाळ्या

ता. क. ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डात लावायला विसरू नकोस. ७६००मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे बोर्डात राहिली तरी चित्र व्यवस्थित येतं आणि गेम तेवढा रखडतो.