रात्री ओट्यावर आलेल्या बीएलओ ताईंना

ताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चाळीसगावात स्टेशन रोडला ज्यांची दुकानं आहेत, ते ओळखतीलच. दिवसा अंगणवाडी, त्यात पोरांची वजनं, आहार, मोबाइलवरच्या नोंदी, आणि वरून बीएलओ म्हणून आमच्या भागाच्या मतदार यादीचं काम. एवढं सगळं असताना माझ्या सायकल दुकानाच्या ओट्यावर झोपणाऱ्या बाबांसाठी तुम्ही जे केलंत, त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत.

बाबा मूळचे धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे. आधी ऊसतोड, मग वीटभट्टी, अंग थकल्यावर स्टेशनात मिळेल ती हमाली. जवळचं माणूस कुणी उरलं नाही. कागदांची पिशवी कधीतरी गाडीत चोरीला गेली आणि तेव्हापासून हा माणूस सरकारच्या कुठल्याच वहीत उरला नाही. ताप भरला तर दवाखान्यात कार्ड मागायचे, रेशनला गेलं तर कार्ड मागायचे. कार्ड काढायला जावं तर पत्त्याचा पुरावा आणा म्हणायचे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तिथून इथवर अंतर ते किती! तरी या माणसापर्यंत ते पोहोचलं नव्हतं, आणि याचं मला फार वाईट वाटायचं.

तुम्ही दुकानात आलात त्या माझ्या मुलीचं नाव यादीत घालायला. ओट्यावरची गोधडी पाहून तुम्हीच विचारलंत, इथं कोण झोपतं? मी सांगितलं, आणि त्यांच्याकडे पुरावा काहीच नाही हेही सांगितलं. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. बेघर माणसाला मतदार यादीत यायला पत्त्याचा कागद लागत नाही. सहा नंबरच्या फॉर्मवर तो जिथं झोपतो ती जागा लिहायची. बीएलओनं रात्री तिथं जाऊन तो खरंच तिथं झोपतो का ते पाहायचं, आणि तेही एकाहून जास्त रात्री. निवडणूक आयोगाचाच तसा नियम आहे. नियम कागदावर होताच, पण रात्री घरातून निघून स्टेशनसमोर येणारं माणूस लागतं, आणि ते तुम्ही झालात.

पहिल्या रात्री तुमच्यासोबत तुमचे मिस्टर होते, हातात बॅटरी. बाबा घाबरून उठून बसले. रात्री त्यांना उठवणारा आजवर हाकलायलाच आलेला. तुम्ही खाली ओट्यावर बसलात आणि म्हणालात, "बाबा, तुमनं नाव काय शे?" आपल्या अहिराणी बोलीत कुणी इतक्या मायेनं विचारतंय म्हटल्यावर त्यांनी नावच नाही, बापाचं, आज्याचं, गावाच्या नाल्याचंसुद्धा नाव सांगितलं. वयावर गाडी अडली. तेव्हा तुम्ही विचारलंत, "बहात्तरना दुकायमा तुम्ही कितला मोठा व्हतात?" म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होतात. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचो, तिथं खायला सुकडी मिळायची, आणि शेळ्या एकटा राखायचो, असं ते म्हणाले. म्हणजे दहा-बारा वर्षांचे. त्यावरून तुम्ही वयाचा अंदाज धरलात. कित्येक वर्षं तो माणूस स्वतःबद्दल एवढं सलग बोलला नव्हता, हे मी रोज बघणारा म्हणून सांगतो.

पुढच्या फेरीला पाऊस होता. तुम्ही याल असं आम्हाला वाटलंच नाही, पण आलात.

यादीत नाव आलं, मतदार कार्ड आलं आणि त्याच्या आधारावर आधारची नोंदणी लागली. वीटभट्टीनं बाबांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून टाकल्यात. मशीन ठसे घेईना. केंद्रावरच्या मुलानं हात वर केले, तेव्हा तुम्ही फोनवरूनच त्याला समजावलंत की ठसे उमटत नसतील तर बुबुळांवरून नोंदणी करता येते, माणसाला परत पाठवता येत नाही. आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय, की भटके आणि कायमचं घर नसलेले यांच्यासाठी खास व्यवस्था करायची. हेही तुमच्याकडूनच कळलं. त्या मुलानं शांतपणे सगळं परत केलं, त्याचेही आभार. प्रौढ माणसाची नवी नोंदणी पडताळणीला जाते, त्यामुळे वाट बरीच पाहावी लागली. पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा त्यावर बाबांचं नाव आणि खाली ‘मार्फत’ म्हणून माझं दुकान होतं. बाबांनी ते पाकीट स्वतः सही करून घेतलं. सही म्हणजे अंगठाच, पण घेतलं त्यांनीच.

आता बँकेत शून्य शिलकीचं जनधन खातं निघालंय. रेशनकार्डाचा अर्ज तहसीलला गेलाय. तिथं वेळ लागेल, आम्ही मागे लागू. त्याची काळजी तुम्ही करू नका.

या कामाचे तुम्हाला वेगळे पैसे कुणी दिले नाहीत. वरून "कशाला नसती भानगड" असं ऐकावं लागलं, तेही माझ्यासमोर. अशा वेळी तुम्ही उत्तर न देता फॉर्म पूर्ण केलात. माझ्या घरच्यांनी तुमच्यासाठी कानबाईच्या सणाचा प्रसाद ठेवला होता, तुम्ही तो अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना अर्धा दिलात. त्यांनीच तर तुमच्या मागे पोरं सांभाळली, असं म्हणालात.

ताई, एक विनंती आहे. बसस्टँडच्या भिंतीलगत दोन म्हाताऱ्या बाया झोपतात. त्यांचे फॉर्म माझ्या मुलीनं भरून ठेवलेत, फोटोही काढलेत. पलीकडच्या चहावाल्यानं ‘मार्फत’ म्हणून आपली टपरी लिहायला होकार दिलाय. रात्री नऊनंतर त्या जागेवर असतात. या वेळी तुमच्यासोबत बॅटरी घेऊन मी आणि चहावाला येऊ, तुमच्या मिस्टरांना झोपू द्या. सवड असेल ती रात्र तेवढी कळवा.

तुमचा भाऊ,
स्टेशन रोडचा सायकलवाला, चाळीसगाव