स्वेटरच्या नमुन्यात टाक्यांबरोबर मापही छापावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत स्वेटरचे नमुने येऊ लागतात आणि अमळनेर, पारोळा, चोपडा या भागातल्या अनेक घरांत त्यांची कात्रणे जपून ठेवली जातात. हे नमुने बहुधा दोन सरळ सुयांसाठी, म्हणजे पाठ आणि पुढचा भाग वेगवेगळा विणून शेवटी शिवून घेण्यासाठी लिहिलेले असतात. अलीकडे मात्र वायरने जोडलेली गोल सुई पुष्कळजणी वापरू लागल्या आहेत, कारण तिच्यावर स्वेटरचा घेर अखंड विणता येतो आणि कडेची जाड शिवण टळते. माझ्याकडे विणकाम शिकायला येणाऱ्या मुली आणि गृहिणी कात्रण पुढे करून हाच नमुना गोल सुईवर कसा घ्यायचा असे विचारतात, आणि त्याचे उत्तर देणे अवघड होते, कारण नमुन्यात टाक्यांची संख्या असते, पण ती कोणत्या मापावरून, म्हणजे 10 सेंटिमीटरला किती टाके धरून काढली ते दिलेले नसते. ते माप छापावे, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

गोल विणताना कापडाची सुलट बाजू सतत आपल्याकडे राहते. त्यामुळे एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणून जी साधी वीण येते, ती येथे सगळे फेरे सुलट विणूनच येते. बहुतेकींचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा किंचित सैल पडतो. तो उलट टाकाच वगळला गेला की तीच सुई आणि तीच लोकर असूनही वीण घट्ट होते. समजा नमुन्यात पुढच्या भागाला 100 आणि पाठीला 100 टाके आहेत आणि 10 सेंटिमीटरला 20 टाके बसतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत जातो. गोल विणीत शिवण नाही, म्हणून ते चार टाके वजा करून 196 टाके घालायचे. त्यांचा घेर 98 सेंटिमीटर होतो, म्हणजे 90 सेंटिमीटर छातीला हवा तेवढा सैलपणा मिळतो. पण गोल विणताना हात घट्ट होऊन 10 सेंटिमीटरला 22 टाके बसू लागले, तर त्याच 196 टाक्यांचा घेर जेमतेम 89 सेंटिमीटर भरतो आणि स्वेटर अंगाला घट्ट होतो. माप काढण्यासाठी आधी एक छोटा चौकोन विणून पाहतात, पण तो सपाट, म्हणजे मागेपुढे ओळी घेत विणला तर हा फरक कळत नाही. त्यासाठी चौकोनही सुलट बाजूनेच विणावा लागतो: ओळ संपली की काम न उलटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, लोकर मागून सैल आणायची आणि पुन्हा सुलट ओळ घ्यायची. चौकोन निदान 15 सेंटिमीटर रुंद असावा, धुऊन वाळवावा आणि मग मधले 10 सेंटिमीटर मोजावेत.

नक्षी असेल तर हिशेब आणखी बारकाईने करावा लागतो. दर सहा टाक्यांनी पुन्हा येणारी नक्षी 196 टाक्यांत पूर्ण बसत नाही. 198 मध्ये ती बसते खरी, पण अर्ध्यावर 99 टाके येतात आणि पुढच्या व मागच्या भागाची नक्षी सारखी पडत नाही. म्हणून मी 192 किंवा 204 टाके घ्यायला सांगते. आपल्याकडे स्वेटर सुती सदऱ्यावरून घातला जातो, तेव्हा 204 अधिक बरे. सपाट नमुन्यात नक्षी दोन्ही कडांना सारखी दिसावी म्हणून जे जादा टाके धरलेले असतात, ते गोल विणीत गाळावे लागतात. शिवाय नक्षी चौकटींत आखून दाखवणाऱ्या तक्त्याची प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची असते. शब्दांत लिहिलेल्या नमुन्याची प्रत्येक उलट बाजूची ओळ मात्र शेवटाकडून वाचून, तिच्यातल्या सुलटाचे उलट आणि उलटाचे सुलट करावे लागते, आणि नवशिकी नेमकी येथेच अडते.

मुंढ्याशी पोहोचल्यावर सूचना पुन्हा बदलते. ‘पुढील दोन ओळींच्या सुरुवातीला सहा टाके बंद करा’ असे नमुना सांगतो. गोल विणीत कडेचा एकेक टाका आधीच वजा झालेला असल्यामुळे प्रत्येक काखेत पुढचे पाच आणि मागचे पाच असे दहा टाके बंद करावेत. तेथून वर पुढचा भाग आणि पाठ वेगळी विणायची असेल, तर उलट ओळी परत येतात आणि वीण सैल पडते. उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई घेतल्यास हा फरक झाकला जातो. लांबीसाठी ‘70 ओळी’ असे न छापता सेंटिमीटर छापावेत, कारण उभ्या मापाचा हिशेबही हातागणिक बदलतो.

खानदेशात पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी ऊन चटकते, त्यामुळे पुढून उघडणारा स्वेटर येथे अधिक उपयोगी पडतो. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर गोल विणलेला स्वेटर पुढून कापून उघडण्याची जुनी पद्धत आहे, परंतु तेथल्या खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात. आपण वापरतो ती बहुतेक लोकर अ‍ॅक्रिलिकची आणि गुळगुळीत असते, तिचे कापलेले टाके निसटतात. म्हणून पुढून उघडणारा स्वेटर गोल सुईवरच, पण मागेपुढे ओळी घेत विणावा, हेही नमुन्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

प्रत्येक नमुन्याबरोबर 10 सेंटिमीटरमधले टाके व ओळी, तयार स्वेटरचा घेर, शिवणीचे टाके आणि नक्षीची टाकेसंख्या एवढी माहिती चार ओळींच्या चौकटीत मावेल. येत्या हंगामातला पहिला नमुना लहान मुलाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा असावा आणि त्याबरोबर ही चौकट असावी, अशी विनंती आहे. म्हणजे नव्याने शिकणाऱ्यांना पहिला गोल स्वेटर त्याच्यावरूनच विणायला देता येईल.

आपली नम्र,
एक विणकाम शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव