त्या घरात चूल का पेटली नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत ३२ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. आता संध्याकाळी घराच्या सोप्यात चौथी ते सातवीची १२ मुलं घेऊन बसते. गेल्या महिन्यात मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: ‘लुमक्या झिरडूने पहाटे पाटवी खिसमटली.’ मग प्रश्न विचारले. पाटवी कोणी खिसमटली? सगळे हात वर. ‘लुमक्या झिरडूने!’ केव्हा? ‘पहाटे!’ झिरडू कसा होता? ‘लुमका!’ परीक्षेत या उत्तरांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. ‘पहाटे’ सोडलं तर त्या वाक्यातल्या एकाही शब्दाला अर्थ नाही. ते मी बसल्या जागी रचलं होतं. ‘बाई, पाटवी म्हंजे काय?’ असं विचारणारी सहावीतली एकच मुलगी निघाली.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ही युक्ती मुलांना आम्हीच शिकवली आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्यावर बोट ठेवायचं आणि पुढचं-मागचं वाक्य वहीत उतरवायचं. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ असं मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि उतरवलेल्या वाक्यांवर लाल शाईने बरोबरच्या खुणा केल्या. तेव्हा शंका आली नाही, याचं आज वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी चार ओळी लिहून नेल्या. ‘सकाळ झाली तरी घरात चूल पेटली नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आजोबांची काठी कोपऱ्यात तशीच उभी होती. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी झाकून आणली.’ आणि एकच प्रश्न विचारला: या घरात काय झालंय?

वर्गात सगळ्यांत सफाईने वाचणारी मुलगी ओळींवरून दोनदा बोट फिरवून म्हणाली, ‘बाई, उत्तर ह्यात न्हाई.’ बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पाचवीतला एक मुलगा हळूच म्हणाला, ‘आज्जा वारला असंल. आमचा आज्जा गेला तवा पण शेजारनं जेवान आल्तं.’ हा मुलगा जोडाक्षराला अडतो, ‘प्रसिद्ध’ शब्दापाशी तीनदा थांबतो. शाळेत त्याची गणना कच्च्या मुलांत होते. पण काठी, चपला आणि झाकलेली भाकरी या तिन्ही गोष्टी एका धाग्यात ओवल्या त्यानेच. मग वाद पेटला. आजोबा नुसते आजारी असतील तर? मग चूल का नाही पेटली? बारशाला पण चपला पडतात की! पण मग शेजारनं भाकरी कशाला येईल? अर्धा तास मुलं भांडत होती आणि प्रत्येक जण पुन्हा पुन्हा त्या चार ओळींकडे जात होता. माझ्या मते वाचन ते हेच.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरांवरून शब्द उलगडता येणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर सगळंच शून्य. माझ्या सोप्यातली ती मुलगी आणि तो मुलगा या सूत्राच्या दोन टोकांना उभे आहेत. त्याला रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचा सराव हवा, तिला चूल आणि चपला यांवर गप्पा हव्यात. ट्यूशनला मात्र दोघांनाही तेच गाईड आणि तीच तयार उत्तरं मिळतात. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. आणि तिथे मूल ओळी वाचतं की नाही एवढंच पाहतात. कळलं का, हा प्रश्न त्यापुढचा.

आमच्या भागात यात आणखी एक गाठ आहे. मूल घरी ‘काय करूलास?’ असं बोलतं आणि पुस्तकात ‘काय करीत आहेस?’ असं वाचतं. पाठाचा आशय सांगताना त्याच्या तोंडून घरची भाषा निघाली की आपण मध्येच थांबवून दुरुस्त करतो. दोन-तीनदा असं झालं की मूल बोलायचंच सोडतं, मग त्याला काय कळलं हे आपल्याला कसं कळणार? मी आता आधी घरच्या बोलीत सांगू देते, लिहिताना प्रमाण रूप शोधायला लावते. म्हणींचंही तसंच. ‘नाचता येईना अंगण वाकडे’चा अर्थ सगळ्यांना पाठ होता. अंगण खरंच वाकडं होतं का, आणि ते वाकडं आहे असं कोण म्हणतंय, एवढं विचारल्यावर सातवीतली मुलंही गडबडली.

कन्नडच्या तासाला आमची मुलं बोट ठेवायची तीच युक्ती वापरतात, इंग्रजीलाही तीच. समजून घ्यायची सवय ज्या भाषेत मूल स्वप्नं बघतं तिच्यात लागते, मग ती बाकीच्या भाषांत सोबत येते. म्हणून मराठी शाळेतला वाचनाचा तास मला इतका मोलाचा वाटतो.

सीमाभागात १९५६ पासून आपण मराठीसाठी झगडतो आहोत. मोर्चात मीही चालले आहे. थंडीत कडोली, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, मुलं ग्रंथदिंडीत लेझीम खेळतात, मग मंडपात मागे बसून मोठ्यांची भाषणं ऐकतात. त्याच मंडपात एक सत्र मुलांचं का नसावं? एक पान वाचून द्यायचं आणि तासभर मुलांनी त्यावर बोलायचं, पाहुण्यांनी फक्त ऐकायचं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. वाचनाची एवढी जुनी परंपरा असलेल्या या भागात गावोगावच्या वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना दिली तर फार खर्च येणार नाही. एक सतरंजी, एक फळा आणि प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणारं एक माणूस पुरे. हे वाट बघणं मात्र शिकावं लागतं. मुलं गप्प बसली की आपणच उत्तर सांगून मोकळे होतो. मी आता मनातल्या मनात वीस अंक मोजते. पंधराव्या-सोळाव्या अंकाला कोणीतरी तोंड उघडतं.

आपल्याकडे एक विनंती आहे. मुलांच्या पानावर दर आठवड्याला मोठ्या अक्षरांत दहा ओळींचा एक उतारा छापावा आणि खाली तीनच प्रश्न द्यावेत. एकाचं उत्तर बोट ठेवून सापडेल, दुसऱ्याचं दोन ओळी जोडल्यावर मिळेल आणि तिसऱ्याचं उताऱ्यात नसेलच. पुढच्या आठवड्यात ‘बरोबर उत्तर’ छापू नये. मुलांनी पाठवलेली दोन-तीन वेगवेगळी उत्तरं त्यांच्याच शब्दांत, बोलीत असली तरी तशीच छापावीत. उतारे इथल्या मातीतले हवेत: भाताची लावणी, उसाचा फड, शेतात रात्री शिरणारा गवा, बाजारच्या दिवशीची एस.टी. पहिले दहा उतारे मी लिहून ठेवले आहेत. आपण कळवलंत की पाठवून देईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव