पाच वॅट पुरतात का?

नाशिक,
दि. २ नोव्हेंबर २०२०

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना हाती आल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! शंभर वॅटचा संच घ्यावा का, आणि मी एवढी वर्षे पाच वॅटवरच का रेंगाळलो आहे, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. पहिल्याचे उत्तर 'इतक्यात नको' एवढेच आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र मलाही या वर्षीच नीट उमगले, म्हणून ते सविस्तर लिहितो.

आधी घरची खुशाली. सप्टेंबरात नाशिकमध्ये कोरोनाचे रुग्ण फार वाढले होते, त्यात तुझ्या वहिनीलाही ताप आला आणि तपासणी पॉझिटिव्ह निघाली. दुखणे सौम्य होते, त्यामुळे आतली खोली तिच्याकडे, स्वयंपाकघर माझ्याकडे आणि ऑक्सिमीटर दोघांत मिळून, असा संसार आम्ही केला. आता ती पूर्ण बरी आहे. फक्त माझ्या हातच्या आमटीला चव नव्हती की तिच्या जिभेला, हा वाद अजून मिटलेला नाही. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेच्या ताई दारात येऊन ताप आणि ऑक्सिजन मोजून गेल्या. अंबडच्या कारखान्यात आम्ही निम्मे-निम्मे आळीपाळीने जातो. मंदिरे बंद असल्याने यंदा नवरात्रात वणीला जाणे झाले नाही. दसऱ्याला घरातल्या हत्यारांबरोबर संचाची आणि सोल्डरिंग आयर्नचीही पूजा केली, आणि झेंडूची एक पाकळी अजून मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेषांचे संकेत पाठवायच्या, चावीखाली अडकलेली आहे.

वहिनी आजारी असताना रात्री तिला झोप लागली की मी हेडफोन लावून गॅलरीत बसत असे. मोर्समध्ये बोलावे लागत नाही, त्यामुळे आवाजाचा त्रास कुणालाच नव्हता. अल्पशक्तीचा हिशेबही त्याच दिवसांत मी पुन्हा मांडून पाहिला. आपल्या छंदात मोर्ससाठी पाच वॅट आणि आवाजासाठी दहा वॅटपर्यंतच्या प्रक्षेपणाला क्यूआरपी म्हणण्याचा प्रघात आहे. शंभर आणि पाच यांत वीसपटीचा फरक दिसतो खरा, पण डेसिबलमध्ये, म्हणजे संकेताच्या ताकदीतला फरक मोजण्याच्या एककात, तो तेराच भरतो. आणि एस-मीटरवरचे, म्हणजे आलेल्या संकेताचा जोर दाखवणाऱ्या काट्यावरचे, एक एकक सहा डेसिबलचे धरले, तर समोरच्याच्या मीटरवर दोन एककांहून थोडाच जास्त फरक पडतो. म्हणजे शंभर वॅटवर जो संकेत एस-नऊ भरतो, तोच पाच वॅटवर एस-सातच्या जरा खाली येतो. कान लावून ऐकणाऱ्याला तेवढा भरपूर होतो.

खरी अडचण पाठवण्यात नसून ऐकण्यात आहे, आणि ती या महामारीने वाढवली. आमच्या सोसायटीतले झाडून सगळे घरी आहेत. मुलांची शाळा मोबाइलवर, मोठ्यांचे ऑफिस लॅपटॉपवर, आणि प्रत्येक भिंतीला एक स्वस्त चार्जर आणि डोक्यावर एलईडी दिवा. त्या सगळ्यांची घरघर चाळीस मीटर बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अशी पसरते, की दिवसा मीटरचा काटा मुळी सहा-सातच्या खाली उतरतच नाही. अशा गोंगाटात बसून शंभर वॅट सोडणारा माणूस इतरांना ऐकू जातो, पण स्वतः बहिराच राहतो, आणि हे मला थोडे असभ्यपणाचे वाटते. याच कारणाने संध्याकाळी वीज गेली की मला गुपचूप आनंद होतो. आयपीएलचा सामना ऐन रंगात आलेला असतो, शेजारी गॅलरीत येऊन कुरकुरत असतात, आणि माझा संच बारा व्होल्टच्या, सात अँपिअर-तासांच्या बॅटरीवर चालूच असतो. घरघर एकदम थांबते आणि तिच्याखाली दबलेले बारीक संकेत एकेक करून वर येऊ लागतात. पाठवताना दीडएक अँपिअर आणि ऐकताना त्याचा थोडा अंश, एवढाच खर्च असल्याने ती बॅटरी संध्याकाळभर सहज पुरते. शंभर वॅटच्या संचाला पाठवताना वीसेक अँपिअर लागतात, हे लक्षात घे.

अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी चौदा मेगाहर्ट्झवर रशियातल्या एका स्टेशनाने माझ्या हाकेला उत्तर दिले. माझे कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखचिन्ह, त्याला तुकड्यातुकड्याने लागत होते. तो प्रश्नचिन्ह पाठवी, मी पुन्हा सावकाश चावी दाबी. बँड रिकामा पडलेला नव्हता, जोरकस स्टेशने हाताशी होती, तरी तो मला सोडून गेला नाही. अखेर ३३९ (कष्टाने कळतो, क्षीण आहे, पण सूर स्वच्छ) असा अहवाल, नाव, गाव आणि 'सांभाळून राहा' एवढे बोलणे झाले. यंदा हे शेवटचे वाक्य जगभरचे सगळेच पाठवतात. वसंतात तर काही देशांतल्या स्टेशनांनी आपल्या कॉलसाइनमध्येच 'स्टेहोम' हा शब्द घेतला होता. कमी शक्तीवर अर्धे काम समोरच्याच्या चिकाटीवर चालते. ती चिकाटी फुकट मिळते, आणि या दिवसांत तिची मला फार गरज होती. पाच वॅटवर मी का रेंगाळलो, याचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे.

आता सूर्याविषयी. सूर्यावरच्या डागांचे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये तळाला पोहोचले होते, असे शास्त्रज्ञांनी परवा सप्टेंबरात जाहीर केले. म्हणजे आपण जवळजवळ तळाशीच आहोत. त्यामुळे अंधार पडल्यावर सात मेगाहर्ट्झवर पुणे गायब होते आणि कोलकाता मात्र स्वच्छ येते. रेडिओचे संकेत परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग म्हणजे आयनोस्फिअर; सूर्य शांत असला की रात्री तो सरळ वर गेलेला संकेत परत वळवण्याइतका दाट राहत नाही, पण तिरका गेलेला संकेत तो वळवतो. जिल्हाबंदीच्या काळात दोनशे किलोमीटरवरच्या पुण्याला ना रस्त्याने जाता येत होते ना रात्रीच्या रेडिओने, याची मला गंमत वाटे. परतीच्या पावसात विजांचा खडखडाटही खूप होता. दिंडोरीच्या मेहुण्याने द्राक्षबागेची गोडी छाटणी नुकतीच केली होती, आणि पाऊस येणार का हे तो माझ्या हेडफोनवरून विचारत असे. शेकडो किलोमीटरवरची वीजही त्यात कडकडते, तेव्हा त्या अंदाजाला काडीचीही किंमत नाही, हे त्याला अजून पटलेले नाही. तू मात्र ढग दिसताच अँटेनाची तार संचापासून काढून ठेवत जा.

संच घ्यायचाच असेल तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या बिटएक्सच्या घराण्यातला घे. माझा मायक्रोबिटएक्स त्यातलाच आहे. त्याचे परिपथ सर्वांसाठी खुले आहेत, भाग आपल्या बाजारात मिळतात, आणि बिघडला तर स्वतः उघडून पाहायची भीती वाटत नाही. अँटेनासाठी घरगुती वायरिंगची तार चालेल. दहा-दहा मीटरच्या दोन भुजा कर, सुरुवातीला हातभर जास्त ठेव आणि मग थोडी थोडी कापत जा. गच्चीवर फार उंच बांधण्याच्या नादी लागू नकोस. नाशिक–कोल्हापूरसारख्या साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरसाठी बुटका डायपोलच (हाच दोन भुजांचा अँटेना) बरा, कारण त्याची बरीच शक्ती वर जाऊन जवळपास उतरते. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पट्टे उमटण्याची शक्यताही पाच वॅटवर कमी, आणि सोसायटीच्या सभेत हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

दिवाळीच्या सुट्टीत, पाडव्यापासून पुढे रोज, सकाळी साडेनऊला मी ७.०३० मेगाहर्ट्झवर तुला हाक मारीन. दुपारी आयनोस्फिअरचा खालचा थर संकेत शोषून घेतो, म्हणून सकाळ सोडू नकोस. तुझा हात जेवढा सावकाश चालेल तेवढ्याच गतीने मीही पाठवीन. पहिल्या पंधरा मिनिटांत काही ऐकू आले नाही, तर लगेच फोन करू नकोस, अजून अर्धा तास ऐकत राहा.

काका-काकूंना नमस्कार सांग. त्यांना गर्दीत जाऊ देऊ नकोस.

तुझा,
मधुकर