‘इंज्युरी प्रोन’ हा शब्द अहवालात नको

प्रिय मधुरा,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलमधल्या रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचा, अहवाल तू पहिल्यांदाच लिहिते आहेस, आणि वाट्याला आलेला मुलगा तीन मोसमांत एकदाही सगळे सामने खेळलेला नाही. फोनवर त्याचं नाव सांगितलं नाहीस ते योग्य केलंस. त्याचे वैद्यकीय कागद क्लबच्या डॉक्टरांपलीकडे जाता कामा नयेत, आणि मला नाव लागतही नाही. पण बोलताना तू त्याला दोनदा ‘इंज्युरी प्रोन’, म्हणजे सतत दुखापत होणारा, म्हणालीस. हा शब्द अहवालात घालू नकोस. काय दुखावलं, का दुखावलं, पुन्हा दुखावेल का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. वर एका तरुण मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो, आणि ड्राफ्टच्या दिवशी, म्हणजे व्यावसायिक क्लब कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडतात तेव्हा, त्याला तो फार महागात पडतो.

आधी एक तक्ता कर. प्रत्येक दुखापतीला एक ओळ. तारीख, सामना की सराव, खरं गवत की कृत्रिम, कुणी आदळलं की एकट्यानेच वळताना झालं, कोणता अवयव, डावा की उजवा, शस्त्रक्रिया झाली का आणि नेमकी कोणती, मैदानात परत कधी उतरला, परतल्यावरचे पहिले तीन सामने कसे गेले. ‘किती सामने हुकले’ हा रकाना शेवटी ठेव, कारण सगळ्यात जास्त फसवतो तो हाच. कॉलेजचा खेळाडू बाहेर बसतो त्याला कारणं अनेक असतात. टॉड गर्ली २०१४ मध्ये चार सामने बसला तो निलंबनामुळे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ख्रिश्चन मॅककॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट यांनी मोसमाअखेरचा बोल सामना सोडला, तेव्हापासून ड्राफ्टकडे निघालेली बरीच मुलं तो सामना खेळत नाहीत. हे सामने दुखापतीच्या खात्यात पडले, तर तुझा आकडा पहिल्या पायरीवरच चुकतो.

तक्ता झाला की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचार: जे कारण तेव्हा होतं, ते आज शिल्लक आहे का?

एड्रियन पीटरसनचं गळपट्टीचं हाड ऑक्टोबर २००६ मध्ये मोडलं, एंड झोनमध्ये झेप घेताना. हाड जुळलं, कारण संपलं. २००७ मध्ये मिनेसोटाने त्याला सातव्या क्रमांकावर उचलला आणि पहिल्याच मोसमात त्याने चेंडू घेऊन धावत १,३४१ यार्ड काढले. आता पायाच्या करंगळीमागचं लांब हाड घे, पाचवं मेटाटार्सल. तिथे बुडाजवळ रक्तपुरवठा मुळातच कमी. स्क्रू घालूनही काही वेळा हाड धरत नाही. त्यातून पायाची कमान उंच असेल आणि भार बाहेरच्या कडेवर पडत असेल, तर शस्त्रक्रियेनंतरही तो भार तिथेच पडत राहतो. दोन्ही ‘फ्रॅक्चर’च, पण एकाचं प्रकरण मिटलं आणि दुसऱ्याचं चालू आहे. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग या दुसऱ्या गटातला. एकदा फाटलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा फाटण्याची शक्यता न फाटलेल्यापेक्षा बरीच जास्त, म्हणून ‘फक्त दोन आठवडे बाहेर होता’ अशी नोंद तीन वेळा दिसली तर तिला किरकोळ समजू नकोस. मानेच्या मणक्यातली पोकळी अरुंद निघाली तर मात्र बाकीचं वाचायचीही गरज नाही. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि त्यावर मतं मांडत बसायचं नाही.

खरा गुंता गुडघ्याचा, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा), तुटला एवढं पुरत नाही. सोबत काय तुटलं? आतली गादी (मेनिस्कस) फाटली असेल तर शिवली की कापून काढली? गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथला टाका धरतो. परत यायला वेळ लागतो, पण गुडघ्याचं आयुष्य वाचतं. कापून काढली तर मुलगा लवकर पळायला लागतो आणि सगळे खूश होतात, पण हाडावरच्या कूर्चेवर भार वाढतो आणि तीन-चार वर्षांनी गुडघा दर सामन्यानंतर सुजू लागतो. नवा लिगामेंट कशाचा केला तेही बघ. वाटीखालच्या कंडरेचा असेल तर या खेळात ती चांगली निवड. दात्याकडून आणलेला असेल तर तरुण खेळाडूत तो जास्त वेळा तुटतो, तेव्हा तिथे लाल खूण कर.

मग महिने मोज. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका ठळकपणे जास्त असतो. सप्टेंबरात तुटला तर नऊ महिने जूनमध्ये भरतात, जुलैअखेरचं शिबिर त्याला मिळतं. नोव्हेंबरात तुटला तर ऑगस्ट उजाडतो, म्हणजे शिबिर गेलं, नाव आधीच्या दुखापतीच्या यादीत गेलं आणि पहिला मोसम बहुधा अर्धाच. आणि महिने भरले म्हणजे गुडघा तयार झाला असंही नाही. टेक्ससचा जॉनथन ब्रूक्स नोव्हेंबर २०२३ मध्ये पडला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये रनिंग बॅकपैकी सर्वात आधी, ४६ व्या क्रमांकावर, कॅरोलायनाने त्याला घेतला. वर्षभर थांबून त्याला नोव्हेंबरात उतरवला आणि तिसऱ्याच सामन्यात तोच एसीएल पुन्हा तुटला. घाई कुणी केली नव्हती, तरी झालं.

म्हणून महिन्यांच्या जोडीला मोजमाप हवं. मांडीचा पुढचा स्नायू दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के ताकदीचा असावा, असा नियम सगळीकडे वाचशील. त्यात एक खोट आहे. वर्षभर न खेळल्याने चांगला पायही अशक्त झालेला असतो, त्यामुळे दोन अशक्त पायांची तुलना ९५ टक्के येते आणि कागद सुंदर दिसतो. कॉलेजकडे दुखापतीआधीचे आकडे असतील तर तुलना त्यांच्याशी व्हायला हवी. सगळ्यात साधं साधन टेप. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर खूण करायची आणि दोन्ही मांड्यांचा घेर स्नायू सैल असताना घ्यायचा. फरक दोन सेंटिमीटरहून जास्त असेल तर तो पाय अजून परतलेला नाही, मग त्याने ४० यार्डांची धाव कितीही वेगात मारलेली असो. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या तपासणीत, एकामागून एक क्लबचे डॉक्टर तोच गुडघा हातात धरून नडगी पुढे ओढून बघतात. दोन गुडघ्यांमधला फरक ३ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, ५ झाला तर नवा लिगामेंट सैल पडला असं धरतात. ही मापं घेणं तुझं काम नाही. ती घेतली का, कधी घेतली आणि एप्रिलच्या फेरतपासणीत बदलली का, एवढं विचारणं तुझं काम.

फिल्म मात्र पूर्ण तुझी. दुखापतीआधीचे चार सामने आणि नंतरचे चार, उंचावरच्या कॅमेऱ्यातून, शेजारी शेजारी लाव. यार्ड बघू नकोस, पाय बघ. कबड्डीतला चढाईपटू चवडा रोवून जसा उलटा फिरतो, तसाच रनिंग बॅक फिरतो. त्याने कोणता पाय रोवून दिशा बदलली, प्रत्येक वेळी मोजून लिही. आधी डावा-उजवा सारखे होते आणि नंतर दुखावलेला पाय रोवणं निम्म्यावर आलं, तर शरीर त्या पायावर विश्वास ठेवत नाही. काही मुलं त्या पायावर वळतात, पण वळण्याआधी दोन छोटी पावलं टाकून वेग मारतात. तेवढ्यात समोरच्या खेळाडूंच्या रांगेतली फट बंद होते. थांबताना, उडी मारून उतरताना गुडघा आतल्या बाजूला कोसळतो का तेही बघ. तसा कोसळत असेल तर मूळ कारण जिवंत आहे, आणि दुसरा गुडघाही धोक्यात आहे.

खांद्याची दुखापत असेल तर चेंडू कोणत्या हातात आहे ते बघ. उजवीकडे धावताना चेंडू उजव्या हातात हवा, कडेच्या बाजूला, म्हणजे डावा हात अडवायला मोकळा राहतो. उजवा खांदा निखळलेला मुलगा उजवीकडे धावतानाही चेंडू डाव्यातच ठेवतो. त्याला विचारलंस तर सवय म्हणेल. दुखापतीआधीच्या फिल्ममध्ये ती सवय दिसते का, ते तूच बघ. आणि ब्लिट्झ, म्हणजे पास टाकणाऱ्यावर धावून येणारे जादा खेळाडू, अडवताना तो खांदा लावतो की अंग चोरून पायात पडतो? पास टाकणाऱ्याला वाचवता येत नसेल तर तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारातल्या तिसऱ्या प्रयत्नाला, प्रशिक्षक त्याला मैदानातच ठेवणार नाही.

आता भाव. आपल्याकडे चर्चा नेहमी ‘याची कारकीर्द होईल का’ इथे अडकते. क्लब कारकीर्द विकत घेत नाही. ड्राफ्टचा करार ४ वर्षांचा, मोसमात १७ सामने, म्हणजे एकूण ६८. या ६८ पैकी तो किती खेळेल, आणि खेळेल तेव्हा किती चांगला, एवढंच तुला सांगायचं आहे. गर्लीचा एसीएल नोव्हेंबर २०१४ मध्ये तुटला, तरी रॅम्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर घेतला. तो २०१५ चा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला आणि २०१७ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. २०१८ मध्ये त्याला ५ कोटी ७५ लाख डॉलरची चार वर्षांची मुदतवाढ दिली, पाठोपाठ डावा गुडघा कुरकुरू लागला, २०२० च्या मार्चमध्ये सोडून दिला. वयाच्या २६ व्या वर्षी तो शेवटचा मोसम खेळला. लोक याला दुखापतीचा धडा म्हणतात. माझ्या मते ड्राफ्टचा निर्णय अगदी बरोबर होता, चुकला तो दुसरा करार. जय अजायीच्या गुडघ्याची धास्ती सगळ्यांना होती, म्हणून तो पाचव्या फेरीत १४९ व्या क्रमांकापर्यंत घसरला. दुसऱ्या मोसमात त्याने १,२७२ यार्ड काढले. कारकीर्द लहानच झाली, पण त्या क्रमांकाला मायामीने जे मोजलं त्याच्या कितीतरी पट मिळालं.

उदाहरणं देताना एकाच बाजूची देऊ नकोस. फ्रँक गोरचे कॉलेजात दोन्ही गुडघ्यांचे एसीएल तुटले होते. २००५ मध्ये तिसऱ्या फेरीत, ६५ व्या क्रमांकावर गेला, १६ मोसम खेळला आणि बरोबर १६,००० यार्डांवर थांबला. विलिस मॅकगेही जानेवारी २००३ च्या फिएस्टा बोलमध्ये गुडघ्याचे तीन लिगामेंट तोडून पडला. बफेलोने तरी त्याला पहिल्या फेरीत घेतला, एक पूर्ण वर्ष बसवून ठेवला, आणि २००४ मध्ये त्याने १,१२८ यार्ड दिले. निक चबचा एसीएल वाचला पण बाकीचे तीन लिगामेंट गेले होते. ३५ व्या क्रमांकावर गेलेल्या या मुलाने पहिल्या पाच मोसमांत ६,३०० हून जास्त यार्ड काढले. त्यांच्याच शेजारी मार्कस लॅटिमोर ठेव. २०११ मध्ये डावा गुडघा, २०१२ मध्ये उजवा गुडघा सांध्यातूनच निखळला. सॅन फ्रान्सिस्कोने चौथ्या फेरीत घेतला, पूर्ण मोसम थांबला, तरी २०१४ मध्ये एकही सामना न खेळता तो मुलगा निवृत्त झाला. रॉडनी अँडरसनचा २०१५ मध्ये पाय, २०१६ मध्ये मानेचा मणका, २०१८ मध्ये एसीएल. २०१९ ला सहाव्या फेरीत गेला आणि ऑगस्टच्या सराव सामन्यातच पुन्हा एसीएल. लॅटिमोरकडे बघून मन भरून येतं, गोरकडे बघून उमेद येते. दोन्ही बाजूला ठेवून तुझ्या मुलाच्या तक्त्यातल्या ओळी कुणाशी जुळतात तेवढं बघ.

माझा ठोकताळा सांगते, वापरायचा की नाही तू ठरव. जुळलेली हाडं आणि धडकेने झालेली एकच मोठी दुखापत: फेरी बदलू नकोस. एकच गुडघा, गादी शिवलेली, नऊ महिने शिबिराआधी भरणारे: एक फेरी खाली. एकट्याने वळताना झालेली दुखापत दोनदा, किंवा गादी कापलेली: ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, चौथ्या फेरीपासून पुढे. पण तिथे आणखी एक अडचण उभी राहते. उशिराच्या फेरीतल्या रनिंग बॅकला संघात टिकायचं तर किकच्या वेळी पूर्ण वेगाने धावत जाऊन धडकावं लागतं. ज्याचा गुडघा जपायचा आहे त्यालाच ते काम. क्लब हे त्याच्याकडून करून घेणार आहे का, ते आधी विचार, नाहीतर स्वस्तात घेतलेला खेळाडू स्वस्तातच जातो.

कॉलेजच्या ट्रेनरला फोन करशील तेव्हा ‘मुलगा कसा आहे’ असं विचारू नकोस, सगळे चांगलंच सांगतात. मुलाच्या सहीने जेवढं सांगायची परवानगी आहे तेवढ्यातच राहून विचार: सामन्यानंतर गुडघा सुजायचा का, सूज कितव्या दिवशी उतरायची, बुधवारच्या सरावाला तो पूर्ण वेळ असायचा का. आणि शनिवारच्या सामन्यानंतर रविवारी सकाळी उपचारांच्या खोलीत तो किती वाजता यायचा.

तुझी,
आई