दत्तकाच्या आदेशाबरोबर मदत थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिपालकत्वाखाली, म्हणजेच फॉस्टर केअरमध्ये (मूल दत्तक न देता तात्पुरते एखाद्या कुटुंबाकडे सांभाळायला सोपवण्याच्या व्यवस्थेत), सांभाळलेल्या मुलाला त्याच कुटुंबाने दत्तक घ्यायचे झाल्यास पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. ही अट आता दोन वर्षांवर आली असून, केंद्राच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी ३५ ते ६० या वयोगटातील एकट्या व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली आहे. बालगृहात वाढणाऱ्या, सहा वर्षांपुढच्या मुलांना दत्तक घेण्यास फारसे कोणी पुढे येत नाही. त्यांच्यासाठी हे दोन्ही बदल मोलाचे आहेत. मात्र पैशाच्या बाजूने या व्यवस्थेत एक मोठी उणीव राहिली आहे.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत प्रतिपालक कुटुंबाला प्रत्येक मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. ही रक्कम प्रतिपालनासाठी असल्याने, जिल्हाधिकाऱ्यांनी दत्तकाचा आदेश दिला की तिचा आधार संपतो. दत्तक मूल कायद्याने पोटच्या मुलासारखेच होते, त्याला वारसाहक्क आणि आडनाव मिळते, हे योग्यच आहे. पण आदेश झाला म्हणून त्याची शाळा, औषधे आणि भूक यांचा खर्च काही कमी होत नाही.

माझ्या परिचयातील एक शेतमजूर दांपत्य एका मुलीला सांभाळते. तिला जाड भिंगाचा चष्मा लागतो, आणि दर जूनमध्ये गणवेश व वह्यांबरोबर नवा चष्मा हा त्या घरातला ठरलेला खर्च असतो. मुलगी त्यांना आई-बाबा म्हणते. तिला कायमचे आपले करून घ्यावे, ही त्यांचीही इच्छा आहे. तरीही अर्ज करायला त्यांचा हात धजावत नाही, कारण दत्तकानंतर दरमहा येणारी रक्कम बंद होईल आणि मजुरीवर तिचे डोळे सांभाळता येणार नाहीत, ही धास्ती त्यांना आहे. ज्या घराने मुलाला सर्वाधिक जीव लावला, त्याच घराला कायमचे नाते जोडताना आर्थिक फटका बसावा, हे मला अन्यायाचे वाटते.

पैशाच्या लोभाने लोक दत्तक घेतील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु येथे कुटुंब अनोळखी नसते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार प्रतिपालक कुटुंबांची बालकल्याण समितीने (निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील समितीने) दरमहा पाहणी करायची असते, मूल दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे समितीने घोषित करावे लागते आणि दत्तकानंतरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, पाठपुरावा होतो. एवढ्या चाळणीतून गेलेल्या घराबद्दल संशय धरण्यापेक्षा या पाहण्या खरोखर वेळेवर होतात की नाही, याकडे लक्ष देणे अधिक गरजेचे आहे.

अमेरिकेने १९८० च्या कायद्याने वयाने मोठी, अपंगत्व असलेली किंवा भावंडांसह एकत्र दत्तक जाणारी मुले घेणाऱ्या कुटुंबांना दत्तकानंतरही मासिक साहाय्य देण्याची तरतूद केली, आणि ते सर्वसाधारणपणे मूल १८ वर्षांचे होईपर्यंत चालू राहू शकते. आपल्याकडे एवढे साहाय्य शक्य नसेल, तरी महाराष्ट्राला वेगळी सुरुवात करावी लागणार नाही. बालसंगोपन योजनेतून राज्य सरकार आजही पालक गमावलेल्या वा संकटात असलेल्या मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये देते. प्रतिपालनातून दत्तक गेलेल्या मुलांचा, निदान अपंग मुलांचा आणि एकत्र राहू इच्छिणाऱ्या भावंडांचा, या योजनेत ती १८ वर्षांची होईपर्यंत समावेश करता येईल. महिला व बालविकास विभागाने तसा शासन निर्णय काढावा, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दत्तकाच्या अर्जाबरोबरच या मदतीचा अर्जही भरून घ्यावा, म्हणजे दोन्हींच्या मध्ये एकही महिना कोरडा जाणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा